उपाशीपोटी १०८ आणि एचबीए१सी ६.६ : मला मधुमेह आहे की नाही?

पायरीवरची | शनिवार, रात्री ११.२०

बरेच दिवस नुसतीच वाचक आहे, पहिलाच धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ४१. ऑफिसच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट परवा आला. उपाशीपोटी साखर १०८. खालच्याच ओळीत एचबीए१सी (म्हणे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.६, आणि तो ठळक अक्षरांत. शेवटी जो तक्ता असतो त्याप्रमाणे १०८ म्हणजे 'मधुमेहपूर्व' आणि ६.६ म्हणजे सरळ 'मधुमेह'. रक्त एकच, हात एकच, सुई एकच आणि निकाल दोन!

तहान, सारखी लघवी, वजन उतरणं यातलं काहीच नाही. थकवा आहे, पण तो गेली दोन वर्षं आहे, त्याचं आता काही वाटत नाही. आईला पन्नाशीत निघाला होता, म्हणून धाकधूक.

परवाच रात्री ग्लुकोमीटर आणला. तेव्हापासून चौदा वेळा बोट टोचून झालंय. काल जेवणानंतर १६२ आला, लगेच शेजारच्या बोटातून घेतला तर १४७. कुठल्या बोटावर विश्वास ठेवू? नवरा म्हणतो, "सरासरी काढ." हसू नका.

डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारची आहे. तोवर जीव थाऱ्यावर राहील असं काही सांगाल का?

चतकोर | शनिवार, रात्री ११.३१

आधी तो मीटर कपाटात ठेव. चौदा वेळा टोचून साखर उतरत नाही, बोटं तेवढी ठणकतात.

निवांत | रविवार, सकाळी ७.०५

मधुमेह्यांच्या मंडळात स्वागत. सभासदत्व अजून पक्कं झालेलं नाही म्हणा. मी १४ वर्षांचा जुना सभासद, वय ५८.

आकडे एकदाच मांडतो, म्हणजे पुढे तेच तेच नको. उपाशीपोटी १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ मधली पायरी (नाव शोभतंय तुम्हाला), १२६ पासून मधुमेह. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी बघतात त्यात १४० च्या आत ठीक, १४० ते १९९ पायरी, २०० पासून मधुमेह. एचबीए१सी ५.७ च्या आत ठीक, ६.४ पर्यंत पायरी, ६.५ पासून मधुमेह. ही अमेरिकन डायबेटिस असोसिएशनची पट्टी. जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीची पायरी ११० पासून धरते, म्हणजे त्या पट्टीने तुम्ही अजून अंगणातच आहात. १२६ ला मात्र दोघांचं एकमत.

आणि महत्त्वाचं. लक्षणं नसताना एकट्या आकड्यावर शिक्का मारत नाहीत. दोन साक्षीदार लागतात. तुमचे दोघे एकमेकांच्या विरुद्ध बोलतायत, तेव्हा ज्याने रेघ ओलांडली त्याची उलटतपासणी पुन्हा घ्यायची, म्हणजे एचबीए१सी परत.

लक्षणं नाहीत यावर मात्र फार विसंबू नका. मूत्रपिंडं गाळलेली साखर परत आत ओढून घेतात. रक्तात साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि पाणी सोबत नेते. तहान आणि लघवी त्यानंतरची. मला यातलं एकही लक्षण नव्हतं आणि माझी उपाशीपोटी १७१ होती.

तळटीप | रविवार, सकाळी ९.४८

एकच प्रश्न. त्याच रिपोर्टात हिमोग्लोबिन किती आहे? एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) नावाची ओळ असेल, तीही सांगा.

(लॅबमध्ये काम करतो, १९ वर्षं झाली. डॉक्टर नाही.)

पायरीवरची | रविवार, सकाळी १०.१५

हिमोग्लोबिन ८.९. एमसीव्ही ६८. अगं बाई, हेही ठळकच आहे! साखरेची ओळ बघितल्यावर मी पान उलटलंच नव्हतं.

तळटीप | रविवार, सकाळी ११.३०

वाटलंच होतं. आता जरा बसून वाचा, लांबणार आहे.

एचबीए१सी ही चाचणी साखर मोजत नाही. साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन मोजते. लाल पेशी जन्मते तेव्हा जवळजवळ कोरी असते. रक्तात फिरता फिरता साखर तिच्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते आणि एकदा पक्की चिकटली की पेशी मरेपर्यंत सुटत नाही. पेशी जगते साधारण १२० दिवस. म्हणून याला 'तीन महिन्यांची सरासरी' म्हणतात, जरी त्यात शेवटच्या महिन्याचा वाटा जवळपास निम्मा असला तरी.

साखर जास्त तर चिकटणं जास्त, हे सगळे धरून चालतात. पण पेशी जितकी म्हातारी तितकं चिकटणं जास्त, हे विसरतात. लोह कमी पडलं की नव्या पेशींचा पुरवठा मंदावतो, फिरत्या पेशींचं सरासरी वय वाढतं आणि साखर जागच्या जागी असूनही आकडा वर सरकतो. उलटही होतं. नुकतंच बरंच रक्त गेलंय, रक्त चढवलंय, पेशी लवकर फुटायचा आजार आहे, तर साखर भरमसाट असून आकडा गोजिरा येतो. ही दुसरी चूक जास्त वाईट, कारण माणूस निर्धास्त होतो.

तुमचं हिमोग्लोबिन आणि एमसीव्ही बघता लोह कमी असावं, म्हणजे तुमचा ६.६ फुगलेला असू शकतो. 'असू शकतो' म्हणतोय, आहे म्हणत नाही.

आता १०८ कडे वळू, कारण तोही साधा नाही. साखरेसाठी रक्त राखाडी टोपणाच्या नळीत घेतात ते तुम्ही पाहिलं असेल. नळीतलं रक्त मेलेलं नसतं. त्यातल्या पेशी साखर खात बसतात, तासाला ५ ते ७ टक्के. राखाडी टोपणात फ्लोराइड असतं, ते पेशींचं हे खाणं बंद पाडतं. पण त्यालाही जोर धरायला तास-दोन तास लागतात. ऑफिसात टेबल टाकून सकाळी घेतलेलं रक्त दुपारी मशीनवर चढलं असेल तर १०८ हा मुळातला ११३ किंवा ११५ असू शकतो. म्हणजे एक आकडा वर ओढलेला, दुसरा खाली. रिपोर्टात दोघे शेजारी छापले जातात, त्यामुळे सारख्याच भरवशाचे वाटतात.

मीटरचं सांगायचं तर, त्याच्यावर ओरडू नका, तो बिचारा करारात आहे. आंतरराष्ट्रीय मानक असं आहे की १०० च्या वरच्या मापांत शंभरातली ९५ मापं लॅबच्या आकड्याच्या १५ टक्के इकडेतिकडे असली की यंत्र पास. खरी साखर १५५ असेल तर १३२ पासून १७८ पर्यंत काहीही चालतं. तुमचे १६२ आणि १४७ मीटरच्या भाषेत एकच आकडा आहेत.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा : फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा सांगतं), आणि ७५ ग्रॅमवाली ग्लुकोज टॉलरन्स चाचणी. ती थेट साखरच मोजते, तिला पेशींच्या वयाशी देणंघेणं नाही. एमसीव्ही इतका खाली असल्यावर थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचा) गुण आहे का तेही ते बघतील. आणि त्या चाचणीआधी तीन दिवस भात-पाव सोडून बसू नका, नेहमीसारखं जेवा. ते सोडून गेलात तर उगाच आकडा वाढून येईल.

चतकोर | रविवार, सकाळी ११.३८

वाचनखूण साठवली. राखाडी टोपणाचं आज कळलं.

उलटतपासणी | रविवार, दुपारी १.१०

माझं नाव निवांत यांनी घेतलंच आहे, तर बोलतो.

या सगळ्या रेघा माणसांनीच आखलेल्या आहेत. १९९७ पर्यंत उपाशीपोटी १४० पर्यंत माणूस निरोगी होता. मग समितीने बैठक घेतली आणि रेघ १२६ वर आणली. एका रात्रीत कितीतरी निरोगी लोक रोगी झाले. कुणाचा फायदा झाला हे ज्याचं त्याने ठरवावं.

मला ५२ व्या वर्षी ७.८ निघाला. गोळी चार महिने घेतली, मग वजन १६ किलो उतरवलं, गोळी फेकली. आज ५.९ आहे. मी बरा झालो. ताई, घाबरू नका, गोळीच्या नादी लागू नका.

सुईदोरा | रविवार, दुपारी २.०२

१६ किलोंबद्दल खरंच कौतुक, ते सोपं नसतं. पण "गोळीच्या नादी लागू नका" हे वाक्य अशा धाग्यावर नुसतं सोडून जाऊ नका. वाचणारा कोणत्या प्रकारचा आहे हे तुम्हाला ठाऊक नाही.

मी टाईप १. वयाच्या अकराव्या वर्षापासून, २२ वर्षं झाली. माझं निदान कसं झालं सांगते. दोन-तीन आठवडे मी रात्री उठून नळाला तोंड लावायची, फ्रॉक सैल झाला होता. मग उलट्या सुरू झाल्या, पोट दुखायला लागलं. घरच्यांना वाटलं पोट बिघडलंय. तिसऱ्या दिवशी मी झोपलेली असताना धावून आल्यासारखा खोल श्वास घेत होते आणि तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. मावशी नर्स होती, ती वासावरून ओळखून मला उचलून घेऊन गेली. तो वास कीटोनचा. इन्शुलिन नसलं की शरीराला साखर वापरता येत नाही, ते चरबी जाळत सुटतं आणि रक्त आम्लधर्मी होतं. एक दिवस उशीर झाला असता तर हे लिहायला मी नसते.

मला "वजन उतरव आणि सुई फेक" असं सांगणारे आजही भेटतात. माझ्या स्वादुपिंडात इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी माझ्याच प्रतिकारशक्तीने मारल्या आहेत. मी उपाशी राहिले तरी इन्शुलिन लागतंच. आणि हे फक्त लहानपणी होतं असं नाही. चाळिशीतही होतं, सावकाश होतं, आणि टाईप २ समजून दोन-दोन वर्षं गोळ्या चालतात. बारीक माणूस, गोळ्यांनी साखर हलत नाही, वजन घटतंय, असं दिसलं तर जीएडी अँटिबॉडी (प्रतिकारशक्तीच्या या हल्ल्याची खूण) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्शुलिन बनवतं ते) तपासून घ्यावं.

चतकोर | रविवार, दुपारी २.२०

अंगावर काटा आला.

अवांतर : १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं. पहिला अर्क अशुद्ध होता, फारसा उपयोग झाला नाही. मग कॉलिप या जीवरसायनतज्ज्ञाने दिवसरात्र बसून तो शुद्ध केला, बारा दिवसांनी परत टोचला, आणि साखर उतरली. पोरगा आणखी १३ वर्षं जगला. त्याआधी अशा मुलांना अर्धपोटी ठेवून दिवस काढायला लावत. सुईदोरा, तुझ्यासारखी २२ वर्षं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नसतील.

निवांत | रविवार, दुपारी ४.४५

उलटतपासणी यांचं अर्धं खरं आहे, ते अर्धं आधी मान्य करू. १९९७ ला रेघ खाली आली, खरंय. पण मनाला वाटलं म्हणून नाही. डोळ्याच्या पडद्यावरचे मधुमेहाचे ठिपके कुठल्या साखरेपासून वाढायला लागतात हे बघून रेघा ठरवल्या. दोन तासांच्या २०० शी जुळणारा उपाशीपोटीचा आकडा १४० नाही, १२६ च्या आसपास आहे, हे तेव्हा दिसलं. १४० च्या रेघेने डोळे जायला लागलेली माणसंही निरोगी ठरत होती.

'बरा झालो' याबद्दल. ब्रिटनमध्ये डायरेक्ट नावाचा प्रयोग झाला. टाईप २ होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या, इन्शुलिन न घेणाऱ्या लोकांना काही महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींवर ठेवलं, गोळ्या बंद केल्या. वर्षाने ४६ टक्के लोकांचा एचबीए१सी गोळीशिवाय ६.५ च्या आत होता. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त उतरवले त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के. तुम्ही त्याच गटातले, म्हणून तुमच्या आकड्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण दोन वर्षांनी ४६ चे ३६ झाले. वजन परत आलं की साखर परत येते. म्हणून त्याला 'बरा' न म्हणता 'शमन' म्हणतात आणि दरवर्षी तपासणी चालू ठेवायला सांगतात. शेवटचं डोळे दाखवलेत कधी?

उलटतपासणी | रविवार, सायंकाळी ५.३०

तीन वर्षं झाली. मुद्दा पोचला. 'शमन' शब्द मान्य. रेघेबद्दल मत कायम.

ओंजळ | रविवार, रात्री १०.१५

सगळे वाढलेल्या साखरेचं बोलतायत, मी उतरलेलीचं सांगते.

आई ७६ वर्षांची. साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन या गोळ्या चालू होत्या. एचबीए१सी ६.२ होता आणि आम्ही सगळे त्यावर खूश! मागच्या महिन्यात तिला ताप आला, दोन दिवस जेमतेम दोन घास खाल्ले. गोळ्या मात्र वेळेवर, कारण मीच देत होते, शहाणी मुलगी ना. रात्री तीनला आवाज आला म्हणून गेले तर ती पलंगाच्या कडेला बसून उशीची घडी घालत होती. घामाने गाऊन ओला. "आई, काय करतेस?" तर म्हणे, "शाळेला उशीर झालाय." मला वाटलं तापात बरळतेय. हात थंडगार लागला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मीटरवर ४८.

ती शुद्धीवर होती, गिळू शकत होती, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा टोचलं : ६६. पुन्हा तेवढीच साखर. मग ९२. मी निश्वास टाकला, झोपायला निघाले. नशिबाने भावाने फोनवर सांगितलं की ग्लिमेपिराइडचा अंमल लांब असतो, साखर परत पडेल, दवाखान्यात ने. आणि खरंच पहाटे परत ५५ झाली, तेव्हा आम्ही तिथेच होतो.

७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम पटकन विरघळणारी साखर, १५ मिनिटांनी परत माप. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या चरबीमुळे साखर हळू चढते. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जातं. सरळ रुग्णवाहिका. ग्लुकॅगॉनचं (साखर चढवणारं) इंजेक्शन घरात असेल तर ते.

आता डॉक्टरांनी ती गोळी बंद करून दुसरी दिलीय. या वयात एचबीए१सी साडेसातच्या आसपास असला तरी चालेल म्हणाले. ६.२ ला आम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवले होते.

सुईदोरा | रविवार, रात्री १०.४०

ओंजळ, 'उशीची घडी' वाचून गलबललं. मी एकदा बंद दाराला किल्ली लावायचं सोडून चमचा लावत होते.

सगळ्यांसाठी एक : रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर धडधड, थरथर या धोक्याच्या घंटा वाजत नाहीत. घाम तेवढा येतो. घामाकडे लक्ष ठेवा.

शून्यमनस्क | सोमवार, सकाळी ८.५०

धाग्याचा विषय सोडून आहे, पण कुणाच्या तरी कामी येईल. सासऱ्यांना इन्शुलिन सुरू झालं, २० युनिट. दोन आठवडे साखर तीनशेच्या खाली यायला तयार नाही. पथ्य मोडताय म्हणून आम्ही त्यांच्यावर तोंडसुख घेतलं, बिचारे गप्प. शेवटी नर्सने सिरिंज बघायला मागितली. बाटली होती ४० ची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, आणि दुकानातून मिळालेली सिरिंज १०० ची, नारिंगी टोपणाची. २० च्या रेघेपर्यंत भरलेलं इन्शुलिन प्रत्यक्षात ८ युनिट होतं. लाल टोपणाची सिरिंज आणली, आठवड्यात साखर खाली. हेच उलटं झालं असतं, १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज, तर अडीच पट डोस गेला असता. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळवल्याशिवाय आता आमच्या घरात कुणी सुई उघडत नाही.

सासऱ्यांची माफी मागितली. त्यांनी अजून दिलेली नाही.

पायरीवरची | पुढच्या आठवड्यात, बुधवार

धागा वर काढतेय, निकाल आला.

फेरिटिन ६. डॉक्टर आकडा बघून म्हणाले, "तुम्ही जिन्याने वर आलात? कौतुक आहे." पाळीत फार जातं, ते मी 'असंच असतं' म्हणून वर्षानुवर्षं सोडून दिलं होतं. त्याची वेगळी तपासणी चालू आहे. हिमोग्लोबिनचे प्रकार बघणारी चाचणी व्यवस्थित आली. लोह सुरू झालं. दोन वर्षांचा थकवा कुठून आला तेही कळलं!

ग्लुकोजची चाचणी : उपाशीपोटी १०९, दोन तासांनी १७१. म्हणजे मधुमेह नाही, पायरी. माझं नाव खरं ठरलं. ते पाणी इतकं गोड होतं की दात शिवशिवले, आणि दोन तास हालचाल न करता नुसतं बसायचं, तेच जास्त अवघड गेलं.

डॉक्टरांनी सध्या गोळी दिली नाही. वजन ७१ आहे, ते पाचेक किलो कमी करा आणि चाला म्हणाले. खरं सांगा, नुसत्या चालण्याने काही होतं का, की मनाची समजूत?

निवांत | बुधवार, सायंकाळी ६.२०

मनाची समजूत नाही. पायरीवरच्याच लोकांवर अमेरिकेत मोठा प्रयोग झाला, २००२ मध्ये निकाल छापून आला. एका गटाने वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं ठरवलं, दुसऱ्याने मेटफॉर्मिन घेतलं, तिसऱ्याने खोटी गोळी. खोट्या गोळीच्या तुलनेत मधुमेह होण्याचं प्रमाण चालणाऱ्यांत ५८ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिनवाल्यांत ३१ टक्क्यांनी. ७१ चे ७ टक्के म्हणजे तुमचे पाच किलो. डॉक्टरांनी आकडा हवेतून काढलेला नाही.

गंमत अशी की स्नायू आकसतो तेव्हा तो इन्शुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत घेतो. म्हणून जेवण झाल्यावरची १५ मिनिटं सगळ्यात फळतात. जमलं तर आठवड्यातून दोनदा वजनंही उचला. स्नायू म्हणजे साखरेचं कोठार, ते जितकं मोठं तितकं बरं.

माझ्या दोन चुका तुमच्या आईच्या पिढीला सांगून ठेवा. एक : निदान झालं तेव्हा धूसर दिसायचं, मी लगेच चष्मा बदलला. साखर आटोक्यात येताच दीड महिन्यात तो चष्मा बाद. साखर वरखाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं-ओसरतं, नंबर ठरायला काही आठवडे जाऊ द्यावे लागतात. दुसरी : पायांना मुंग्या यायला लागल्या, मी त्या साखरेच्या नावावर खपवल्या. निघालं बी १२ कमी. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर ते घटतं. गोळी सोडली नाही, बी १२ घेतलं, मुंग्या बऱ्याच गेल्या.

सुईदोरा | बुधवार, रात्री ९.००

मीटर आता कपाटातून काढ. निदानासाठी नाही, शिकण्यासाठी. एक जेवण, दोन टोचे : पहिल्या घासाआधी आणि त्यानंतर दोन तासांनी. दुसऱ्या दिवशी तेच जेवण, फक्त एक गोष्ट बदलायची. आकडा एकटा असला की तो नुसता घाबरवतो, जोडीने असला की सांगतो. बोटाच्या टोकाला नको, कडेला टोच, दुखत नाही. आणि हात धू. स्पिरिट नाही, साबण-पाणी, आणि कोरडे कर.

पायरीवरची | तीन आठवड्यांनी

केलं! तेच ताट, तेवढाच भात. पहिल्या दिवशी जेवून सोफ्यावर : ९८ वरून १५८. दुसऱ्या दिवशी जेवून २० मिनिटं चालले : १०१ वरून १३१. मीटरची १५ टक्क्यांची सूट आठवून चार वेळा परत केलं. दर वेळी चाललेला दिवस खाली. भाज्या आणि डाळ आधी, भात शेवटी, हेही करून पाहिलं, त्यानेही उतरते, पण चालण्याइतकी नाही. निदान माझी तरी.

उलटतपासणी | त्याच दिवशी

डोळे दाखवून आलो. डाव्या पडद्यावर दोन बारीक ठिपके आहेत. उपचार लागत नाहीत, सहा महिन्यांनी परत बोलावलंय. दिसण्यात मला काडीचा फरक जाणवत नव्हता. निवांत, आभार.

पायरीवरची | पाच महिन्यांनी

पुन्हा एकदा धागा वर. हिमोग्लोबिन १२.१. वजन ६६.५. एचबीए१सी ६.०. तळटीप, तुमचा नमस्कार! उतरलेल्यातलं किती लोहाचं आणि किती चालण्याचं, हे कसं ओळखायचं?

तळटीप | त्याच दिवशी

या दोन आकड्यांवरून नाही ओळखता येणार. लोह सुरू केल्यावर नव्या कोऱ्या पेशींची लाट येते, तीही आकडा काही काळ खाली ओढते. आता पेशी स्थिरावल्या की तीन-चार महिन्यांनी करा, तो तुमचा पहिला खरा एचबीए१सी. तोवर आनंद मानायला हरकत नाही.

पायरीवरची | दोन दिवसांनी

आता खरी बातमी. मी रोज जेवून चालायला निघते म्हणून नवराही येऊ लागला होता. गंमत म्हणून त्याचीही तपासणी करून घेतली. "सरासरी काढ" म्हणणारे हेच. उपाशीपोटी १३१, एचबीए१सी ६.९, हिमोग्लोबिन १५. लक्षण एकही नाही. वजन माझ्यापेक्षा कमी. पट्टी वाचायला मला कुणाची गरज पडली नाही, दोघे साक्षीदार एकच बोलतायत.

निवांत | दोन दिवसांनी, अर्ध्या तासाने

अरेरे. पण बरं झालं, लवकर सापडलं. टाईप २ नेमका कधी सुरू झाला ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणून डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) आणि पायांची संवेदना हे तिन्ही पहिल्याच महिन्यात बघून घ्या, वर्षभर थांबू नका. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलही त्याच खेपेत. मंडळात त्यांचं स्वागत सांगा.

पायरीवरची | दुसऱ्या दिवशी, सकाळी ८.१०

सांगितलं. डोळ्यांची वेळ सोमवारची घेतली, मेटफॉर्मिन कालपासून सुरू.

आज सकाळी उठल्या उठल्या मीटर घेऊन बसला. "दोनशे अठरा!" म्हणून ओरडला, चेहरा पांढरा. मी बघितलं, समोर लेकीच्या डब्यासाठी सोललेल्या संत्र्याची सालं पडलेली. बेसिनकडे बोट दाखवलं. साबणाने हात धुऊन, पुसून परत टोचलं.

१३४.